परकार्बोनेटनं धुऊनही फर्मेंटर स्वच्छ होत नाही? आधी मळ ओळखा

घरी बिअर, सायडर (सफरचंदाची दारू) किंवा मीड (मधाची दारू) करणाऱ्या मित्रांकडून फर्मेंटरबद्दल, म्हणजे आंबवायच्या भांड्याबद्दल, एकच तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय. "ऑक्सिजनवाली पावडर टाकून रात्रभर भिजवलं, तरी फर्मेंटरचं तपकिरी कडं गेलं नाही. वर आता आतून पांढरं पांढरं दिसायला लागलंय." यावर जवळपास प्रत्येकानं आपापला उपाय करून झालेला असतो: पुढच्या वेळी दुप्पट पावडर. ती टाकल्यावर पांढरं आणखी वाढतं, कडं तिथंच राहतं, आणि मग दोष पावडरीवर जातो.

ही पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणि ती बहुतेक वेळा ठीकच असते. गोंधळ असा की तपकिरी डाग आणि पांढरा थर हे दोन वेगवेगळे मळ आहेत. पहिला ही पावडर काढते. दुसरा तीच पावडर तुमच्या पाण्याच्या मदतीनं चढवते. दोन्हींवर एकच औषध चालवलं की एक बरा होतो आणि दुसरा बळावतो. म्हणून आधी समोरचा मळ कुठला ते ओळखायचं, मग फुकटच्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, आणि सगळ्यात शेवटी पाना घेऊन भाग खोलायचे.

लक्षणं

यातलं एक जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा.

– भांडं ओलं असताना चकचकीत दिसतं, वाळलं की आतून खडू फासल्यासारखी झाक येते.
– फेस चढून वाळला होता त्या उंचीवर तपकिरी कडं तसंच चिकटून राहतं.
– चार पाण्यांनी विसळलं तरी बोटाला बुळबुळीत लागतं.
– नळी स्वच्छ दिसते, पण तोंडाशी नाक नेलं की शिळा, आंबूस वास येतो.
– बाटलीच्या मानेत, बिअरच्या पातळीला लागून, आतून बारीक कडं दिसतं.
– सॅनिटायझरचं पाणी भांड्यात ओतल्याबरोबर दुधाळ होतं.
– बॅचमागून बॅच आंबट निघते, किंवा बाटली उघडताच फेस उसळून निम्मी बिअर बाहेर येते.

शेवटच्या लक्षणाबद्दल एक गोष्ट आताच सांगतो, कारण तिच्यामुळे बरेच श्रम वाचतात. फेस ठराविक बाटल्यांतच उसळतो की सगळ्याच? चोवीस बाटल्यांतल्या दोन-तीनच उसळत असतील तर दोष त्या बाटल्यांच्या धुण्यात आहे. सगळ्याच उसळत असतील तर बाटल्या घासत बसू नका. दोष त्याच्या आधी कुठंतरी आहे: फर्मेंटर, तोटी, नळी, बाटली भरायची दांडी. किंवा धुण्याशी त्याचा संबंधच नसेल, साखर जास्त पडली असेल नाहीतर किण्वन पूर्ण व्हायच्या आधी बाटल्या भरल्या असतील. अशा बाटल्या आधी फ्रिजमध्ये गार करा आणि डोळ्यांना गॉगल लावून, टॉवेल गुंडाळून उघडा. काच फुटते तेव्हा सूचना देऊन फुटत नाही.

ही पावडर करते काय

सोडियम परकार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा एकत्र बांधलेला स्फटिक. शुद्ध पावडरीत वजनानं साधारण एक तृतीयांश पेरॉक्साइड असतं, उरलेला सगळा धुण्याचा सोडा. पाण्यात पडली की दोघं सुटे होतात. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं, पीएच साडेदहाच्या आसपास जातो, आणि वाळलेली प्रथिनं व हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चिकट राळ सैल पडते. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. तो रंग मोडतो आणि त्याचे बुडबुडे सैल झालेला मळ वर उचलतात. कपड्यांसाठी मिळणाऱ्या 'ऑक्सी' पावडरींत परकार्बोनेट थोडं आणि सोडा जास्त असं मिश्रण असू शकतं. घ्यायचीच असेल तर बिनवासाची, बिनरंगाची घ्या. सुगंध प्लास्टिकमध्ये मुरतो आणि काही केल्या जात नाही.

म्हणजे ही पावडर दोन कामं करते: चिकट मळ सैल करते आणि रंग काढते. पाण्याचा क्षार काढणं तिच्या आवाक्यात नाही, उलट तिच्यातला सोडा तो वाढवतो. जंतू मारायलाही तिच्यावर विसंबू नका. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम टाकली तर पेरॉक्साइड जेमतेम ०.१६ टक्के होतं. औषधाच्या दुकानात मिळतं ते ३ टक्के असतं. धुऊन झाल्यावर सॅनिटायझर वेगळा वापरावाच लागतो.

पहिली तपासणी: थेंब टाकून पाहा

याला खर्च नाही आणि वेळ दोन मिनिटं. भांडं पूर्ण वाळू द्या. संशयित जागेवर व्हिनेगरचा किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि उजेडात तिरकं धरून बघत राहा.

थेंबाखाली बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथं गोल, स्वच्छ खिडकी दिसली, तर तो पाण्याचा क्षार आहे, कॅल्शियम कार्बोनेट. याला पावडर दाखवायची नाही. सहाव्या तपासणीकडे जा.

थेंबानं काहीच झालं नाही, डाग तपकिरी किंवा पिवळसर आहे आणि नखानं किंचित उकरला जातो, तर तो सेंद्रिय मळ: यीस्ट, प्रथिनं, हॉप्सची राळ. हे पावडरीचं काम आहे. ते का होत नाही ते पुढच्या चार तपासण्यांत सापडेल.

थेंबानं काही होत नाही, थर राखाडी-पिवळसर आहे आणि नख फिरवल्यावर बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो, तर तो बिअरस्टोन. तो नवव्या तपासणीत.

काचेवर धूसरपणा आहे, तो ना ॲसिडला बधतो ना घासण्याला, आणि बोटाला काहीच लागत नाही, तर काच स्वतःच झिजलेली आहे. कडक अल्कधर्मी पाण्यात, विशेषतः गरम, काच वारंवार दिवस-दिवस ठेवली की असं होतं. ही झीज भरून येत नाही. आत खरखर किंवा तडा नसेल तर भांडं वापरता येतं, फक्त तो धूसरपणा घालवायच्या मागे लागू नका.

दुसरी: पावडर टाकण्याआधी गाळ काढला होता का

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथंच संपतात. बिअर काढून घेतली, तळाशी दोन बोटं यीस्टचा गाळ आहे, त्यावरच गरम पाणी आणि पावडर ओतली. भांड्यात फेसाचा डोंगर उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात काम चाललंय! प्रत्यक्षात पेरॉक्साइड वाया जात असतं.

यीस्टच्या पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. ऑस्कर लोव या शास्त्रज्ञानं १९०० साली त्याला हे नाव दिलं. पेरॉक्साइड दिसलं की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करणं हे त्याचं काम, आणि ते ते विलक्षण वेगानं करतं. तळाचा गाळ तुमची पावडर खाऊन टाकतो. वरच्या कड्याला भिडायला उरतो तो नुसता सोडा.

म्हणून आधी साध्या पाण्यानं खळखळून दोन-तीनदा विसळा. गाळ पूर्ण निघू दे. कड्यावर मऊ फडका किंवा स्पंज फिरवून जे सहज सुटतं ते काढा. बिअर काढल्यावर लगेच हे केलंत तर पाच मिनिटांत होतं. कडं दोन दिवस वाळू दिलंत तर तेच काम तासाचं होतं. लगेच जमत नसेल तर निदान काठोकाठ पाणी भरून ठेवा.

तिसरी: पाणी खरंच गरम होतं का

नळाचं 'गरम' पाणी गार भांड्यात ओतलं की बघता बघता कोमट होतं. परकार्बोनेटला ५० ते ६० अंश सेल्सियस लागतं. गार पाण्यात पावडर लवकर विरघळत नाही, तळाशी दाणे बसतात आणि रात्रभर थांबलात तरी कडं हलत नाही. उकळत्या पाण्यात टाकली तर ऑक्सिजन पहिल्या काही मिनिटांतच उडून जातो.

थर्मामीटर नसेल तर एक सोपा हिशोब: २० अंशांचं पाणी आणि उकळतं पाणी निम्मं निम्मं मिसळलं की ६० च्या आसपास येतं. आधी गार ओता, मग गरम.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. काचेच्या कार्बॉयमध्ये (अरुंद तोंडाची मोठी बाटली) एकदम गरम पाणी ओतू नका, तडकते. आधी कोमट पाणी फिरवून काच उबदार करून घ्या, आणि काचेबाबत शंका असेल तर ४० अंशांवर थांबून वेळ वाढवा. पीईटी प्लास्टिकची कार्बॉय ५० च्या वर नेऊ नका. ती आकसते, वाकडी होते, आणि कडक अल्कधर्मी पाण्यात तासन् तास ठेवणंही तिला मानवत नाही.

चौथी: पाणी कड्याच्या वरपर्यंत होतं का, आणि पावडर मोजून टाकली होती का

कडं वर असतं आणि पाणी निम्म्यापर्यंत भरलेलं. हे इतकं उघड आहे की कुणी सांगत नाही, आणि म्हणूनच राहून जातं. ज्या भागाला पाणी लागत नाही तो साफ होत नाही. काठोकाठ भरा. तेवढं पाणी गरम करणं शक्य नसेल तर झाकणाच्या भोकात बूच न लावता भांडं थोडं थोडं आडवं फिरवत राहा किंवा फडका त्याच पाण्यात बुडवून कड्यावर चिकटवून ठेवा. केग (बिअर दाबाखाली ठेवायचं धातूचं पिंप), आडव्या ठेवता येतील अशा बादल्या यांना हे छान जमतं.

मोजमाप वजनावर घ्या. एका कंपनीची पावडर भुगा असते, दुसरीची खडीसाखरेसारखी, त्यामुळे चमचा दोन्हींत वेगळं वजन देतो. रोजच्या मळाला लिटरमागे ५ ग्रॅम पुरतात. वाळून घट्ट झालेल्या कड्याला १० ग्रॅम. २० लिटरच्या फर्मेंटरला म्हणजे १०० ते २०० ग्रॅम. याच्या वर गेल्यानं डाग लवकर निघालेला मी पाहिला नाही. पांढरा थर मात्र नक्की जाड झालेला पाहिला आहे.

वेळ अर्धा ते एक तास. त्यात नाही निघालं तर ते पाणी ओतून द्या आणि नव्या पावडरीचं नवं गरम पाणी घ्या. एक तास, मग पुन्हा एक तास, हे रात्रभर भिजवण्यापेक्षा कधीही चांगलं. पहाटेपर्यंत पाणी गार झालेलं असतं, ऑक्सिजन संपलेला असतो आणि सोडा शांतपणे भांड्यावर क्षार बसवत असतो. कालचं पाणी आज वापरण्यातही काही अर्थ नाही.

पाचवी: पावडर जिवंत आहे का

डबा उघडा राहिला, ओला चमचा आत गेला, दमट जागी ठेवला, की पावडर गोळे धरते आणि ऑक्सिजन हळूहळू सोडून देते. दिसायला पांढरीच दिसते.

तपासायला यीस्टच कामाला येतं. पेलाभर कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, अर्धा चमचा पावडर विरघळवा आणि त्यात ब्रेडच्या कोरड्या यीस्टची चिमूट टाका. पावडर जिवंत असेल तर मिनिटाभरात दाट, बारीक बुडबुड्यांचा फेस वर चढतो. दोन-चार बुडबुड्यांवर थांबलं तर तुमच्याकडे धुण्याचा सोडा उरला आहे. तो फरशी पुसायला वापरा. पेला मात्र उघडाच ठेवा.

हे उघडं ठेवणं पेल्यापुरतं नाही, म्हणून इथं थांबून सांगतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम शुद्ध परकार्बोनेट टाकलं तर त्यातून एक लिटरहून थोडा जास्त ऑक्सिजन वायू सुटू शकतो. २० लिटरच्या घट्ट बंद भांड्यात हे झालं तर २० लिटरहून जास्त वायूला जायला जागाच नाही. झाकण लावलेली कार्बॉय, बूच लावलेली बाटली, फवाऱ्याच्या बाटलीत 'पुढच्या वेळेसाठी' भरून ठेवलेलं उरलेलं पाणी, हे सगळं फुटू शकतं. केग भिजत घालताना झाकण काढून ठेवा. कार्बॉय हलवून धुवायची असेल तर मध्ये मध्ये बूच काढत राहा.

सहावी: पाण्याचा क्षार

थेंबाच्या चाचणीत बुडबुडे आले असतील तर तुमचं पाणी जड आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि पावडरीतला सोडा एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि ते भांड्यावर बसतं. किटलीच्या तळाशी साचतं तेच. गार, जड पाण्यानं विसळताना ते आणखी साचतं, कारण भांड्यावर उरलेल्या सोड्याला ताजं कॅल्शियम मिळतं.

उपाय स्वस्त आहे. पावडरीचं पाणी ओतल्यावर लगेच, भांडं वाळू न देता, कोमट पाण्यानं दोनदा विसळा. मग लिटरमागे १० ते २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलेल्या कोमट पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. उकळतं पाणी घेऊ नका, कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं. नेहमीच पांढरं होत असेल तर पावडर मिसळायलाच क्षार कमी केलेलं पाणी वापरा.

बुळबुळीतपणाही इथंच सुटतो. तो दोन कारणांनी येतो: भांड्यावर सोडा उरलेला असतो, किंवा जंतूंचा बुळबुळीत थर, ज्याला बायोफिल्म म्हणतात. शेवटच्या विसळलेल्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा आणि नळाच्या पाण्याशी रंग ताडून पाहा. विसळलेलं पाणी जास्त अल्कधर्मी निघालं तर सोडा उरला आहे, आणखी विसळा. रंग सारखा आहे आणि तरी बोट घसरतं, तर तो जिवंत थर आहे. मग स्पंज घेऊन घासण्याला पर्याय नाही. बायोफिल्म नुसत्या भिजवण्यानं जात नाही.

ॲसिड आणि पावडर एकाच पाण्यात कधीही एकत्र करू नका. दोघं एकमेकांना निकामी करतात, आणि व्हिनेगरच्या जोडीला पेरॉक्साइड आलं की डोळे-नाक चुरचुरणारं पेरॲसेटिक ॲसिड तयार होऊ शकतं. क्लोरीनवालं ब्लीच तर या सगळ्यापासून लांबच ठेवा. पेरॉक्साइडशी त्याची जोरदार प्रतिक्रिया होते आणि ॲसिडबरोबर त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय क्लोरीन स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि त्याचा अंश बिअरमध्ये राहिला तर औषधी, बँडेजसारखी चव येते.

सातवी: जे दिसत नाही ते उघडा

आंबटपणा पुन्हा पुन्हा येतो आणि भांडं आतून लखलखीत आहे. अशा वेळी मी भांड्याकडे बघणं सोडून देतो आणि तोटीकडे वळतो.

माझ्याकडे एकदा लागोपाठ चार बॅचेस आंबट झाल्या. फर्मेंटर दर वेळी काठोकाठ भरून, ६० अंशांना, मोजून पावडर टाकून धुतलेला. नळ्या नव्या. सॅनिटायझर बदलून झाला. शेवटी खालचा स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह काढला आणि पाना लावून त्याचे तीन तुकडे सुटे केले. मधला गोळा बाहेर आला तेव्हा त्याच्या मागच्या पोकळीत, पांढऱ्या टेफ्लॉनच्या वाटीत, चिंचेच्या कोळासारखा मऊ तपकिरी गर भरलेला होता. वास आंबलेल्या कणकेचा. व्हॉल्व्ह बंद होताना गोळ्याच्या आरपारच्या भोकातलं आणि भोवतालचं द्रव आत अडकतं, आणि धुताना व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे पावडर तिथं पोचतच नाही. तो गर टूथब्रशनं काढला, तुकडे तासभर भिजवले, पुढची बॅच स्वच्छ निघाली. तेव्हापासून दर बॅचनंतर व्हॉल्व्ह खोलतो. भिजवताना तो अर्धा उघडा ठेवून दोन-चार वेळा फिरवला तर थोडाफार फायदा होतो, पण खोलण्याची बरोबरी नाही.

खोलायच्या क्रमात सोपं आधी घ्या. झाकणाचं रबर आणि एअरलॉकचं (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झडप) बूच काढा, त्याच्या खाचेत बोट फिरवा. प्लास्टिकच्या बादलीची तोटी पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच तोट्यांचा फिरणारा भाग गरम पाण्यात मिनिटभर धरला की जोर लावल्यावर बाहेर निघतो. बाटली भरायच्या दांडीची स्प्रिंग आणि टोक सुटं करा. सायफनच्या आतल्या नळीचं रबर बघा. केगचे दोन्ही पोस्ट (गॅस आणि बिअरच्या नळ्या जोडायची तोंडं), त्यातले पॉपेट (स्प्रिंगवाल्या छोट्या झडपा), लांब डिप ट्यूब (केगच्या तळापर्यंत जाणारी नळी), सगळ्या ओ-रिंगा (रबरी कड्या). पण केगला पाना लावायच्या आधी गॅस तोडा, दाब पूर्ण सोडा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून फुस्स आवाज येत नाही याची खात्री करा. दाब असताना पोस्ट सोडवला तर तो गोळीसारखा सुटतो.

नळ्यांचं बघायचं तर त्या उजेडासमोर धरा. आतून डाग, धुरकटपणा किंवा वास राहिला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला. पूर्ण सामानातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

प्लेट चिलर (उकळलेला रस गार करायचं पत्र्यांचं उपकरण) उघडता येत नाही. त्यातून वापराच्या उलट दिशेनं गरम पाणी सोडा, मग पंपानं पावडरीचं पाणी अर्धा तास फिरवा. तांब्यानं जोडलेल्या चिलरमध्ये पातळ मिश्रण आणि कमी वेळ. बाहेर येणाऱ्या पाण्यात कण येणं थांबेपर्यंत उलटसुलट चालू ठेवा.

आठवी: धातू आणि ओरखडे

ॲल्युमिनियम नुसत्या परकार्बोनेटमध्ये भिजवू नका, काळवंडतं आणि खाल्लं जातं. त्यासाठी सोडियम मेटासिलिकेट असलेले तयार क्लीनर आहेत, पीबीडब्ल्यू (पावडर्ड ब्रुअरी वॉश) त्यातलंच. त्यांच्यातलं सिलिकेट मऊ धातूला सांभाळतं. तांब्याची गुंडाळी काळी पडते. शिवाय तांबं आणि गंज, दोन्हींमुळे पेरॉक्साइड झपाट्यानं मोडतं. म्हणून टबात सगळं एकत्र भिजवताना तांब्याची वस्तू बाजूला ठेवा, नाहीतर तिच्यासोबतच्या बाकीच्या वस्तूही नीट निघणार नाहीत.

प्लास्टिकला आतून ओरखडे असतील तर त्या फटीत जंतू बसतात. नख अडकतं इतका ओरखडा दिसला की ती बादली धान्य ठेवायला काढा. स्टीलवर लोखंडी तारेची घासणी कधीच वापरू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथं गंज धरतो.

नववी: बिअरस्टोन

कॅल्शियम ऑक्झलेट आणि प्रथिनं मिळून हा खरखरीत थर होतो. केग आणि स्टीलच्या फर्मेंटरमध्ये जास्त. पावडर त्यातली प्रथिनं सैल करते, ऑक्झलेट तसंच राहतं. म्हणून दोन टप्पे: आधी नेहमीसारखं गरम पावडरीचं पाणी, मग नीट विसळून फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारा क्लीनर, त्याच्या लेबलवर दिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडवर ओतायचं नाही. हातमोजे, गॉगल, खिडकी उघडी. सौम्य व्हिनेगरनं हे जाईल या आशेवर आठवडा घालवू नका.

दहावी: सॅनिटायझर

सगळं स्वच्छ, तरी गडबड, तर सॅनिटायझरचं पाणी बघा. स्टार सॅनसारखे ॲसिडवाले सॅनिटायझर पीएच खाली असतानाच काम करतात, ३ किंवा त्याखाली ठेवा. भांड्यावर सोडा उरला असेल तर तो पीएच वर ढकलतो. जड पाण्यात ते दुधाळही होतात. दुधाळ दिसलं की पट्टीनं मोजा. ३ च्या वर गेलं असेल तर ओतून नवं करा.

कुठं थांबायचं

परकार्बोनेटची पावडर किंवा दाट पाणी डोळ्यात गेलं तर धुणं तिथंच सोडा, नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. जळजळ थांबली म्हणून घरी बसू नका, अल्कधर्मी पदार्थ डोळ्याला आतवर इजा करू शकतात. कुणी गिळलं तर उलटी करवू नका, डबा सोबत घेऊन डॉक्टर गाठा.

केगवर वेल्डजवळ खड्डे, गंजाचे ठिपके किंवा चेपलेला भाग दिसला, किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह हातानं उघडत-मिटत नसेल, तर तो केग दाबाखाली वापरू नका. केग दुरुस्त करणाऱ्याकडे दाब-चाचणीला द्या. गॅसचा रेग्युलेटर आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह घरी उघडायचाच नाही, आत बिअर शिरली असली तरी. ते काम गॅस भरून देणाऱ्याचं.

विजेवर चालणाऱ्या किटलीत एलिमेंटवर करपलेला थर असेल तर प्लग काढून पावडरीनं भिजवायला हरकत नाही. पण धुतल्यावर घरचा ब्रेकर पडायला लागला किंवा तळातून ओल दिसली, तर प्लग पुन्हा लावून बघू नका. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती बाजूला ठेवा.

काचेच्या कार्बॉयवर केसाएवढा जरी तडा दिसला तरी ती फेकून द्या. वीस लिटर द्रव भरलेली काच हातात फुटली की शिरा आणि स्नायूबंध कापले जातात.

बियर टॅपच्या लांब नळ्या, ज्या भिंतीतून किंवा फ्रिजच्या मागून जातात आणि ज्यांची टोकं तुम्हाला सुटी करता येत नाहीत, त्या कडक कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइड) धुवाव्या लागतात. ते रसायन घरात आणू नका, लाइन धुणाऱ्या माणसाला बोलवा.

दहाही तपासण्या झाल्या, प्लास्टिक आणि रबर सगळं नवं घातलं, आणि तरी पुढच्या दोन बॅचेस बिघडल्या, तर आणखी पावडर विकत घेऊ नका. बिघडलेल्या बिअरची बाटली आणि तुम्ही वापरता त्या पाण्याची बाटली सूक्ष्मजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. जंतू कुठला ते कळलं की तो कुठून येतो याचा अंदाज बांधता येतो: ॲसेटोबॅक्टर असेल तर कुठंतरी हवा शिरतेय, झाकणाचं रबर आणि बिअर काढतानाचे जोड बघा. पेडिओकॉकस असेल, लोण्यासारखा वास येत असेल, तर नळ्या आणि टॅप आधी खोला.